तोंड शिवलेला खिसा

४ जानेवारी

ती. आत्यास,
गुंडीचा नमस्कार.

माझं पत्र बघून तू आधी चष्मा पुसशील आणि मग म्हणशील, "हिला आज माझी आठवण कशी झाली?" तर झाली. फोनच करणार होते, पण तू फोनवर मापं घेत नाहीस. आमच्या पडद्यांच्या वेळी "फोनवर एकोणीसचे एकोणतीस होतात" म्हणून तू मला पत्र लिहायला लावलं होतंस. या वेळी थेट कागदच घेतला.

मला चड्डी शिवायची आहे. हसू नकोस. घरातल्या माणसासाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी, गुडघ्याच्या वर येणारी साधी नाडीची हाफ चड्डी. बाजारात मिळते, पण हवी तशी मिळत नाही. कापड आणलं आहे: सुती, निळ्यावर पांढरे छापील ठिपके, अडीच मीटर. कंबर एकेचाळीस, बैठक त्रेचाळीस, लांबी एकोणीस. मशीनची सोय होईल. मला बटण लावण्यापलीकडे काही येत नाही हे तू जाणतेसच, तेव्हा ढ मुलीला सांगावं तसं पहिल्यापासून सांग.

घरी सगळे ठीक. बाबाही ठीक आहेत.

तुझी,
गुंडी


९ जानेवारी

चि. गुंडीस,
आत्याचे आशीर्वाद.

चष्मा पुसला. पत्र दोनदा वाचले. एकदा आनंदाने आणि एकदा सावधपणे.

आधी आनंदाचे. चड्डीइतका गैरसमज दुसऱ्या कोणत्याही कपड्याबद्दल नसेल. लोकांना वाटते, दोन नळ्या जोडल्या की झाली चड्डी. नळ्यांत पाय मावतात, माणूस मावत नाही. माणूस बसतो, वाकतो, जिना चढतो, आणि या साऱ्याचा हिशेब दोन पायांच्या मधल्या वळणदार शिवणीला द्यावा लागतो. तिला आम्ही आसन म्हणतो. पुढचे आसन उथळ असते. मागचे खोल आणि लांब, कारण बसताना कापड मागेच अधिक लागते. एवढे एक वाक्य ज्याला पोटातून कळले, त्याला चड्डी आली असे समज.

आता काम. नीट बसणारी एक जुनी चड्डी घे, मधोमध दुमड आणि वर्तमानपत्रावर ठेवून पुढचा व मागचा भाग वेगवेगळा आखून घे. कडेने शिवणीसाठी अर्धा इंच सोड, वर नेफ्यासाठी आणि खाली दुमडीसाठी दोन-दोन इंच. कापडाचा उभा धागा पायाच्या लांबीच्या दिशेने ठेव. तो आडवा झाला की चड्डी चार धुण्यांत वाकडी चालू लागते. पुढचे दोन आणि मागचे दोन असे चार तुकडे काप. मशीनला हात लावण्यापूर्वी हाताने तिरपे कच्चे टाके घाल. प्रत्येक पायाची बाहेरची आणि आतली शिवण वेगवेगळी शीव. मग एक पाय सुलट कर, तो उलट्या पायाच्या आत सरकव आणि दोन्ही आसने एका सलग टिपेत जोड. या पायरीवर प्रत्येकाचा हात थबकतो. "बाई, पायात पाय घालून कसे शिवायचे?" मुली विचारायच्या. शिवून झाल्यावर आतला पाय ओढून बाहेर काढायचा, आणि काय आश्चर्य, चड्डी! एकतीस वर्षे शिवणवर्ग चालवला, तरी त्या क्षणी मला अजून टाळी वाजवावीशी वाटते.

माझा एकच नियम आहे. चुकलेला तुकडा फेकायचा नाही आणि लपवायचा तर मुळीच नाही. त्याला कागदाची चिठ्ठी टाचायची. चिठ्ठीवर तीन ओळी: काय चुकले, का चुकले, आता काय. मग तो मला टपालाने पाठवायचा. माझ्याकडे अशा तुकड्यांच्या चार वह्या आहेत. बरोबर शिवलेल्या कपड्याकडून आजवर कोणीही काही शिकलेले नाही.

आता सावधपणाचे. चार वर्षांपूर्वी जावईबापूंचा लेंगा मी शिवला होता. कंबर एकतीस. मी माणसे विसरते, मापे विसरत नाही. दिवसभर विजेचे मीटर वाचत गल्लोगल्ली हिंडणारा माणूस चार वर्षांत दहा इंच वाढला असेल, तर त्याला चड्डीआधी डॉक्टरकडे ने. आणि दुसरे असे, की बारा वर्षांत तुझ्या एकाही पत्रात बाबांची खुशाली आलेली नाही. ज्या माणसाने आई जाऊन आठ दिवस होत नाहीत तोच तिची शिवणाची मशीन मला न विचारता भंगारात घातली, त्याची खुशाली मला नको, हे तुला ठाऊक आहे. मग ते ठीक असल्याचे या वेळीच का सांगावेसे वाटले?

उत्तर सावकाश दे. कापड घाईने कापू नकोस.

आत्या


२० जानेवारी

ती. आत्यास,
नमस्कार.

घाई केली नाही, तरी चुकलं. चिठ्ठी टाचून एक पाय पाठवते आहे. चिठ्ठीवर लिहिलंय तेच इथे लिहिते: "काय चुकले: दोन्ही पाय डावे झाले. का चुकले: कळत नाही. आता काय: तूच सांग." चारही तुकडे अगदी तू सांगितलंस तसे कापले, टाके घातले, आणि जोडायला घेतले तर एक पाय बरोबर, दुसरा कसाही फिरवला तरी ठिपके आत जातात नाहीतर आसन बाहेर येतं. घरात हसून हसून पुरेवाट. "दोन डावे पाय असलेला माणूस शोधू या," म्हणे.

कमरेचं म्हणशील तर चार वर्षांत माणूस सुटतो, आत्या. घरचं जेवण. आणि बाबांचं सहज लिहिलं गेलं, त्यात काही शोधू नकोस.

खरं सांगू? तुकडा पाठवू नये असंच वाटत होतं. नवरा म्हणाला, "शिकवायचं ते पत्रातून शिकवतात की! फसलेलं कापड कशाला हवं त्यांना? पोलीस पंचनाम्याला मागवतात तसं?" मी म्हटलं, तिची रीतच तशी आहे. पण प्रश्न माझ्याही मनात आहे.

तुझी,
गुंडी


२८ जानेवारी

चि. गुंडीस,
आशीर्वाद.

शाबास! दोन डावे पाय! माझ्या वर्गात दर वर्षी एक तरी मुलगी हे करायचीच आणि मी वाट पाहत असायची. कारण पाहा. तुमचे कापड एका बाजूनेच छापलेले आहे. कागद तसाच ठेवून एकामागून एक तुकडे कापले की सगळे एकाच पायाचे निघतात. साध्या कापडाला दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे तिथे तुकडा उलटवला की भागते. छापील कापड क्षमा करत नाही. उपाय सोपा आहे: उरलेल्या कापडावर कागद पालथा ठेव आणि आणखी चार तुकडे काप. दोन उजवे पाय मिळतील, आणि तू पाठवलेला डावा मी परत पाठवते आहे. एका चुकीतून दोन चड्ड्या! म्हणूनच अडीच मीटर कापड पाहून मी खूश झाले होते. ज्याने ते आणले त्याला आपण चुकणार हे आधीच माहीत होते. असा माणूस लवकर शिकतो.

परंतु, गुंडे, मला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती दिसली नाही असे मी म्हणू शकत नाही.

तिरपा टाका म्हणजे हाताचे अक्षर. उजव्या हाताने घातलेले टाके एका बाजूला कलतात, डाव्या हाताने घातलेले दुसऱ्या. तुकडा वरचा खाली फिरवून पाहा, कल बदलत नाही. तू पाठवलेले टाके सगळेच डावखुऱ्या हाताचे आहेत. तू पाच वर्षांची असताना माझ्या खडूने माझीच भिंत रंगवली होतीस, उजव्या हाताने. जावईबापूंना मी समोर बसून लिहिताना पाहिले आहे, उजव्याच हाताने. माझ्या ओळखीत डावखुरा माणूस एकच आहे, आणि त्याचे नाव मी बारा वर्षे उच्चारलेले नाही.

हे टाके कोणाचे?

पुढचा तुकडा मशीनची टीप घातलेला पाठव. मशीन कोणाची आहे, हेही कळव.

आत्या


६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
नमस्कार.

किती ग संशय! टाके शेजारच्या काकूंनी घालून दिले. त्या डावखुऱ्या आहेत. मशीनही त्यांचीच आहे. झालं समाधान?

तुझ्या युक्तीने चड्डी तयार झाली. पायात पाय घातला, शिवला, ओढून काढला, आणि खरंच टाळी वाजवली. पण घातल्यावर दोन दुखणी निघाली. एक म्हणजे खुर्चीत बसलं की मागून कंबर खाली उतरते आणि आसन ताणतं. तिसऱ्या दिवशी टर्रकन फाटलंच. तो फाटलेला भाग कापून चिठ्ठीसह पाठवला आहे, मशीनची टीप त्यावर आहे. दुसरं म्हणजे उजवा पाय चार इंच जास्त घेराचा हवा, आणि बाहेरच्या बाजूने खालपासून कमरेपर्यंत उघडा, बांधायला नाड्या असलेला. असं करता येईल का? उजवाच पाय. डावा आहे तसा ठीक आहे.

आणि आत्या, एक विचारू? मशीन कोणाची, हे तुला कशाला हवं? शिवणाऱ्याला टीप सरळ आली की पुरे. बाबा म्हणतात ते काही खोटं नाही, तू सुतावरून स्वर्ग गाठणारी बाई आहेस.

तुझी,
गुंडी


१२ फेब्रुवारी

गुंडी,

तुमची शेजारीण फार गुणाची दिसते. तिच्याकडे मशीन आहे, ती डावखुरी आहे, आणि माझी पत्रे तुझ्या बाबांना वाचून दाखवायलाही तीच जात असावी. नाहीतर मी सुतावरून कुठे पोचते, हे त्यांनी कशावरून सांगितले?

तुकडा मी खिडकीत धरला. आधी उजेडात, मग भिंगाखाली.

मशीनच्या सुईखाली दोन ओळींत बारीक दाते असतात. टाका पडला की ते वर येतात आणि कापड पुढे ढकलतात. दाते धड असतील तर कापडावर खूण राहत नाही. तुझ्या तुकड्याच्या उलट्या बाजूला, टिपेला लागून, प्रत्येक टाक्याशी एक बारीक ओरखडा आहे. मुंग्यांची रांग चालल्यासारखी. असा ओरखडा अर्धवट तुटलेला दात उमटवतो. ही रांग मी शाळेच्या दिवसांत माझ्या फ्रॉकच्या आत पाहिली आहे. आईच्या हातमशीनचा तो दात तुझ्या बाबांनी अकरा वर्षांचे असताना तोडला आणि आईचा मार खाल्ला.

म्हणजे मशीन भंगारात गेली नाही. ती तुमच्या घरात आहे, आणि ज्याने माझ्या तोंडावर "गेली भंगारात, काय करायचंय ते कर" असे सांगितले, तोच आज तिच्यावर चड्ड्या शिवतो आहे. मी आईची एकच वस्तू मागितली होती. दागिना नाही, भांडे नाही. बारा वर्षे मी तिला मेलेली समजून होते. आईला नव्हे, मशीनला. आईला तर मी शेवटचे पाहिले होते.

मला खरे कळव. अर्धे नको.

मागचे आसन वरून दीड इंचाने वाढव आणि वळणाच्या शिवणीला बारीक काप दे. हे तुझ्यासाठी सांगत नाही, कापडासाठी सांगते.

आत्या


३ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तीन आठवडे लिहायचं धाडस होत नव्हतं. आता सगळं सांगते.

शेजारच्या काकू डावखुऱ्या नाहीत. त्यांच्याकडे मशीनही नाही. बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नाही. चड्डी बाबांची. शिवतात तेही बाबाच.

डिसेंबरात माळ्यावरून काहीतरी काढताना बाबा शिडीवरून पडले. उजव्या गुडघ्याखाली हाड मोडलं, आत सळई घातली आहे. मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांचा आधार आहे, त्यावरून कुठलीही पँट चढत नाही. म्हणून उघडा पाय, म्हणून नाड्या. दिवसभर खुर्चीत, पाय समोर स्टुलावर. मी त्यांना आमच्याकडे आणलं, तर सामानात म्हणाले, "माळ्यावरचं ते लाकडी खोकं पण आण." त्या दिवशी मी पहिल्यांदा ती मशीन पाहिली. शिडीवर ते तिच्यासाठीच चढले होते, हेही तेव्हाच कळलं. तू रागावशील, पण त्यांनी तिला तेल देऊन देऊन अशी ठेवलीय की चाक एका बोटाने फिरतं.

मग म्हणाले, "ताईला विचार, चड्डी कशी शिवायची. माझं नाव घेऊ नकोस." मी म्हटलं, "बाबा, शिंपी काय कमी आहेत गावात?" तर म्हणाले, "शिंपी शिवून देतील. ती शिकवेल." तुझी पत्रं मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. तुझं ते पायात पाय घालायचं वाक्य त्यांनी तीनदा वाचायला लावलं. दोन डाव्या पायांवर जे हसले ते बाबाच.

तुझं मागचं पत्र मात्र मी चाचरत वाचलं. दाताच्या वाक्याशी आले आणि बाबा मोठ्याने हसले. का, ते सांगेनात. संध्याकाळी म्हणाले, "ती आता मशीन न्यायला येईल." दुसऱ्या दिवशीही तेच. खोकं खुर्चीच्या पायाशी ओढून घेतलंय, त्यावर हात ठेवून बसतात.

शेवटी काल खोक्यातून कापडात बांधलेलं काहीतरी काढलं. मला बघू दिलं नाही. स्वतः गाठ मारली, स्वतः पत्ता लिहिला. "तिचा नियम आहे ना, लपवायचं नाही? पाठव," म्हणाले. पुडकं उद्या टपालात टाकते.

आत्या, तूही मला अर्धं सांगू नकोस. मशीन न्यायला येणार आहेस का?

तुझी,
गुंडी


(पुडक्यातल्या कापडाला टाचलेली चिठ्ठी)

काय चुकले: खिसा चारही बाजूंनी शिवला. तोंडच ठेवलं नाही. मग उसवायला ब्लेड लावलं आणि समोरचं कापड वीतभर फाडलं.

का चुकले: आई गेली तेव्हा मशीनवर हा ॲप्रन होता, सुई पाचव्या खिशात रुतलेली. तुझ्या शिवणवर्गासाठी शिवत होती. खडूचा एक, कात्रीचा एक, टेपचा एक, असे सात खिसे करणार होती. अंत्यविधी उरकून गेलेली तू आठ दिवसांनी परत येणार होतीस. म्हटलं, तोवर पुरा करून ठेवू. ताईला आवडेल. आईला मशीनवर इतकी वर्षं पाहिलं होतं, वाटलं त्यात काय आहे.

तू आलीस आणि पहिलंच वाक्य "मशीन कुठे आहे?" मशीन आहे म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "आईने माझा ॲप्रन शिवायला घेतला होता तो कुठे आहे?" आईच्या हातचं शेवटचं काम मी फाडलं, हे सांगण्यापेक्षा मशीन भंगारात गेली सांगणं सोपं वाटलं. चार दिवसांनी खरं सांगणार होतो. तू दार आपटून गेलीस, मग ते खोटं मला पाळत बसावं लागलं.

आता काय: ते मला माहीत नाही. ही ओळ तू भर.

डावऱ्या


१४ मार्च

चि. डावऱ्यास,
ताईचे आशीर्वाद. गुंडे, हे पत्र त्यांना वाचून दाखव, सावकाश.

ॲप्रन मिळाला. दोन दिवस टेबलावर ठेवला, हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन बसले, कारण मला दुसरे काही येत नाही.

पहिले चार खिसे आईचे. टोकाला तिची दुहेरी टीप, दर वेळी तीनच टाके मागे. पाचव्याची एक बाजू तिची. तिथे टीप थांबते, आणि पुढची टीप तुझी सुरू होते. किती हळू चालवली आहेस रे! टाक्यांना टाके भिडले आहेत. पुढच्या दोन बाजू इतक्या काळजीने शिवलेला आणि चौथ्या बाजूने तितक्याच काळजीने बंद केलेला खिसा माझ्या चारही वह्यांत नाही. शिवण्यात घाई करणारे पुष्कळ पाहिले. इतक्या मायेने चुकलेला विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

बारा वर्षे मी तुझ्यावर धरलेला राग चुकीचा होता, असे मात्र म्हणणार नाही. तू खोटे बोललास ते बोललासच. चुकले ते माझे तोंड. "मशीन कुठे" विचारण्याआधी "तू जेवलास का" एवढे विचारले असते, तर आपल्या दोघांची बारा वर्षे वाचली असती.

तुझा संशयही खरा होता. गुंडीने विचारले आहे म्हणून सांगते: होय, मी मशीन न्यायला येणार होते. ओरखड्यांची रांग दिसली त्याच दुपारी मी सामान वाहणाऱ्याकडे जाऊन विचारून आले, लाकडी खोक्यासकट किती वजन चालेल म्हणून. तो म्हणाला, "आजी, मशीन आधी हातात तर येऊ द्या." तेव्हा मला त्याचाही राग आला होता.

आणि आता नियमाप्रमाणे माझी चिठ्ठी.

काय चुकले: मशीनचा दात तू तोडला नाहीस. मी तोडला.

का चुकले: मी चौदा वर्षांची होते. बाहुलीचा परकर शिवताना टाचणी न काढता टीप घातली. टाचणी दातांत अडकली, मी चाक जोर लावून फिरवले, आणि कट्. आईने विचारले तेव्हा मी तुझ्याकडे पाहिले. काही बोलले नाही, नुसते पाहिले. तिला तेवढे पुरले. बावन्न वर्षे हे मी कोणालाही सांगितलेले नाही, आणि मागच्या पत्रात पुन्हा तुझ्याच नावावर घातले. एकतीस वर्षे मुलींना सांगत आले, चूक लपवू नका. ते इतक्या पोटतिडकीने का सांगायची, हे कोणी विचारले नाही हे माझे नशीब.

आता काय: शिवणवर्गाच्या पहिल्या कमाईतून मी त्या मशीनच्या दातांचा नवा जोड विकत घेतला होता. तेलकट कागदात गुंडाळून बटणांच्या डब्यात ठेवला. आईला द्यायचा, तर कशासाठी आणला ते सांगावे लागले असते. तो डबा घेऊन या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सकाळच्या गाडीने येत आहे. मशीन न्यायला येत नाही.

तुझ्या चिठ्ठीवरची रिकामी ओळही भरते. ॲप्रन वीतभर फाटला आहे, बरोबर मधोमध. वर्गात असे कापड आले की मी मुलींना म्हणायची, "नशीबवान आहात, खिसा कुठे लावायचा ते कापडानेच सांगितले." फाटलेल्या जागेखाली पट्टी द्यायची, कडा आत दुमडायच्या आणि वरून खिसा बसवायचा. आईने सात ठरवले होते. आपण आठ करू. आठवा तू शिवायचास, आणि त्याला तोंड ठेवायचेस.

गुडघ्याला धक्का लागू देऊ नकोस. नाड्यांच्या उघड्या कडेला आतून पट्टी लावावी लागेल, नाहीतर ती कातडीला घासेल. ते आल्यावर दाखवते.

ताई


१९ मार्च

ताईस,

कार्ड मी स्वतः लिहितो आहे. अक्षर डावं, तुला लागेल तसं वाच.

दात कोणी तोडला ते मला तेव्हाच माहीत होतं. टाचणीचा तुटलेला अर्धा तुकडा माझ्याच टाचेत घुसला होता. परकराच्या चिंध्याही मशीनखाली होत्या. पुढे महिनाभर तू माझी गणितं गुपचूप का सोडवून देत होतीस, ते न कळण्याइतका मी बावळट नव्हतो. मार एकदा खाल्ला, गणितं तीस दिवस सुटली. तक्रार कशाला करू?

नवे दात आण. बसवायचे की नाही त्यावर समोरासमोर भांडू. मला तो ओरखडा बरा वाटतो, नाहीतर तू मला शोधलं असतंस कशावरून?

गुंडीने आसन दीड इंच वाढवून कापून दिलं आहे. या वेळी कागद पालथा ठेवायला विसरलो नाही. चड्डीचा डावा पाय शिवून झाला. उजवा, नाड्यांचा, तसाच ठेवला आहे.

जेवलीस का?

डावऱ्या